अंगठ्याशेजारचे बोट

आपल्या कवींनी पायांना चरणकमळ म्हटले आणि ते पुढे गेले. कमळाच्या पाकळ्या लहानमोठ्या असतात हे खरे, पण त्या मोजत कोण बसतो? शिवाय ज्या चरणांचे वर्णन झाले ते बहुधा देवाचे किंवा गुरूचे, म्हणजे अनवाणी किंवा खडावांवरचे. दुकानात जाऊन सहा नंबरचा बूट मागण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. ती तुमच्याआमच्यावर येते, आणि मग पाकळ्यांच्या लांबीला एकाएकी महत्त्व प्राप्त होते.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु नवा जोडा चावू लागला की वर्गापासून ग्रंथालयापर्यंतचे अंतरही कसे जिवावर येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आपले भाग्य थोर समजावे आणि हे पान उलटावे.

बाकीच्यांनी बसल्या जागी चप्पल काढून पायाकडे पाहावे. काहींचा अंगठा सर्वांत लांब असतो आणि तेथून करंगळीपर्यंत बोटे उतरत जातात. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यालाही मागे टाकून पुढे आलेले असते. काहींची पहिली दोन-तीन बोटे जवळजवळ एका रेषेत असतात. पाश्चात्त्य लोक यांना अनुक्रमे इजिप्शियन, ग्रीक आणि चौकोनी पाय म्हणतात. या नावांचा वंशाशी काही संबंध नाही. ग्रीक शिल्पकार आपल्या मूर्तींना लांब दुसरे बोट देत, एवढाच त्यातला ग्रीकपणा. हीच रीत पुढे टिकली. 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही दुसरे बोट लांबच आहे. एवढ्या मोठ्या बाईंना तयार जोडा मिळाला नसता, म्हणून शिल्पकाराने त्यांना सपाता दिल्या असाव्यात असे आपण गमतीने म्हणू.

आपल्याकडे या बोटाला रोजच्या बोलण्यात स्वतंत्र नावदेखील नाही. ते ‘अंगठ्याशेजारचे’ म्हणूनच ओळखले जाते. मात्र नाव नसले तरी नावे ठेवणारे पुष्कळ! लग्नात जोडवी याच बोटात चढतात, आणि लग्न जमवताना डोळेही याच बोटाकडे जातात. हे बोट अंगठ्याहून लांब असेल तर मुलगी नवऱ्याला वचकात ठेवते, अशी समजूत आपल्या घराघरांतून अजून ऐकू येते. माझ्या आजीचे, आईचे आणि माझे बोट असेच आहे. आजीने आजोबांना वचकात ठेवल्याची घटना मात्र आमच्या घरात कोणाच्याच स्मरणात नाही. नवऱ्या मुलाचे बोट लांब असल्यास काय होते, याविषयी मात्र कोणी बोलताना ऐकले नाही. हसण्यावारी न्यावे म्हटले तरी एक गोष्ट विसरता येत नाही. पाहायला येणाऱ्या मंडळींसमोर साडीचा काठ पायांवर ओढून बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ज्या बोटावर स्वभावाचा ठपका येतो, ते बोट मुलगी बुटाच्या टोकात मुकाट्याने दुमडून घेते. त्याच्यासाठी मोठा जोडा मागायचा म्हणजे त्या बोटाकडे पुन्हा लक्ष वेधायचे!

आता शरीरशास्त्राकडे वळू. प्रत्येक पायात 26 हाडे असतात. टाचेकडची सात, त्यांच्यापुढे पाच लांब हाडे आणि मग बोटांची चौदा. अंगठ्याला दोन पेरे, इतर प्रत्येक बोटाला तीन. बोट बाहेरून लांब दिसण्याचे कारण दोन ठिकाणी असू शकते. कधी बोटाची स्वतःचीच पेरे लांब असतात, तर कधी अंगठ्यामागचे पायाच्या आतले लांब हाड आखूड असल्याने अंगठाच मागे राहिलेला असतो. बोटे खाली वाकवून सांध्यांची रांग पाहिली की पुष्कळदा उलगडा होतो. अंगठ्याचा सांधा शेजारच्या सांध्याहून बराच मागे दिसला तर प्रकार दुसरा. बहुतेकदा हे वळण घराण्यातूनच येते.

या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेतील डॉ. डडली मॉर्टन यांचे नाव चिकटले आहे. त्यांनी 1927 साली यावर लेख लिहिला आणि पुढे 1935 मध्ये मानवी पायावर एक ग्रंथच लिहिला. आखूड हाडामुळे अंगठ्याने उचलायचा भार शेजारच्या सांध्यावर पडतो आणि त्यातून पायाची नाना दुखणी उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे कॅनडात हॅरिस आणि बीथ या दोघा संशोधकांनी हजारो सैनिकांचे पाय तपासले. 1949 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की आखूड हाड आणि पायाचे दुखणे यांचा तसा संबंध दिसत नाही. असे पाय घेऊन कित्येक सैनिक बिनतक्रार कूच करीत होते. मला या वादात हॅरिस-बीथ यांचे म्हणणे अधिक पटते. लांब बोट हा रोग नव्हे, तो नाकाच्या ठेवणीसारखा एक प्रकार आहे. दुखणे पुष्कळदा पायात नसून पायावर चढवलेल्या वस्तूत असते. (जाता जाता: मॉर्टन नावाचे आणखी एक डॉक्टर फिलाडेल्फियात होऊन गेले. तिसऱ्या-चौथ्या बोटांमधील मज्जातंतूच्या ज्या वेदनेला मॉर्टनचे नाव आहे, ती या थॉमस मॉर्टन यांनी 1876 मध्ये वर्णिली. वैद्यकीय पुस्तके चाळणाऱ्यांनी दोघांची गल्लत करू नये.)

मग ही वस्तू तयार होते कशी? बूट पायावर बेतला जात नाही, तो फर्म्यावर बेतला जातो. फर्मा म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाय, आणि तो कोणा एकाचा पाय नसतो. फर्म्याचे टोक कोठे असावे हे फॅशन ठरवते. एके काळी युरोपात दोन्ही पायांचे जोडे एकाच सरळ फर्म्यावर बनत. डावा-उजवा असा भेदच नव्हता, घालणाऱ्याचा पायच हळूहळू तो भेद घडवी. पेट्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने 1781 मध्ये बुटाचा उत्तम आकार कोणता यावर निबंध लिहिला. नंतर झुरिकच्या हेर्मान मायर यांनी 1858 मध्ये मत मांडले की टाचेच्या मध्यातून निघून अंगठ्यातून सरळ पुढे जाणारी रेषा बुटाने मोडता कामा नये. दोघांचे म्हणणे साधे होते. बुटाने पायासारखे व्हावे, पायाने बुटासारखे होऊ नये. एवढी वर्षे लोटली तरी दुकानातील टोकदार बूट पाहिल्यावर या विद्वानांचे कोणी फारसे ऐकले असेल असे वाटत नाही.

नंबराची कथा आणखी मौजेची आहे. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. मूळ हिशेब जवाच्या दाण्यांचा, तीन दाणे म्हणजे एक इंच. आपल्या जुन्या ग्रंथांतही आठ यव म्हणजे एक अंगुल असे कोष्टक आहे, तेव्हा जवावरून मोजण्यात इंग्रज एकटे नव्हेत. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. पण दोन्ही मापे सांगतात फक्त लांबी. पाय किती रुंद आहे, बोटे किती जाड आहेत, पाय वाकतो कोठे, यांपैकी काहीच नंबर सांगत नाही.

पाय वाकतो कोठे, हा प्रश्न लांब बोटे असणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. समजा, दोघांचे पाय टाचेपासून टोकापर्यंत अगदी सारखे आहेत. एकाचा तळवा लांब आणि बोटे आखूड, दुसऱ्याचा तळवा आखूड आणि बोटे लांब. दोघांना नंबर एकच मिळतो. परंतु बूट ज्या जागी वाकतो ती जागा एकाच्या सांध्याखाली येते, दुसऱ्याच्या येत नाही. मग प्रत्येक पावलाला बूट आणि पाय यांची ओढाताण चालते. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920 च्या दशकात एक धातूचे मोजमापयंत्र तयार केले. त्यात टाच ते बोटाचे टोक, टाच ते अंगठ्यामागचा सांधा आणि रुंदी अशी तीन मापे मिळतात. पहिल्या दोन मापांत फरक आला तर मोठे माप धरायचे असा त्याचा नियम. आपल्याकडच्या लहान दुकानांतून नुसती लाकडी पट्टी असते, किंवा विक्रेता पायाकडे एक नजर टाकून “सात!” म्हणून मोकळा होतो. ती नजर पुष्कळदा अचूकही असते, पण ती अंगठ्यावर पडलेली असते.

एका दुकानात मला घेऊ घातलेला बूट अंगठ्याने चाचपून विक्रेत्याने सांगितले की भरपूर जागा आहे. होतीच, पण अंगठ्यापुढे. शेजारचे बोट टोकाला टेकले होते. मी तो घेतला नाही म्हणून तो रागावला. घराजवळच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकार काकांना मी विचारले, “काका, असा बूट फर्म्यावर चढवून वाढवता येतो का?” ते म्हणाले, “ताई, चामडं रुंदीला सुटतं, लांबीला नाही. लांबीचं दुकानातच बघायचं.” या दोन वाक्यांत मला पुस्तकांहून अधिक मिळाले. नवा बूट पुढे सैल होईल या आशेवर घेणारे रुंदीच्या बाबतीत थोडेफार बरोबर ठरतात. लांबीच्या बाबतीत मात्र बोटच माघार घेते. ते मधल्या पेरात वाकते, वाकलेले राहते, आणि वर बुटाला घासून त्यावर कुरूप येते. नख टोकाला आपटून काळे पडते. कोवळ्या वयात वर्षानुवर्षे असे चालले तर वाकलेले बोट पुढे सरळ होत नाही. बोधट झालेल्या पायांचे, विशेषतः मधुमेहींचे, तर विचारूच नका. बूट चावल्याचे त्यांना कळतच नाही आणि जखम आतल्या आत वाढते.

तेव्हा मोजायचे कसे? संध्याकाळी, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात. उभे राहून, कारण भार पडला की पाय लांबतो. कागदावर पाय ठेवून पेन्सिल अगदी सरळ धरून रेघ ओढावी, आणि टाचेपासून जे बोट सर्वांत लांब असेल त्याच्या टोकापर्यंत मोजावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाप्रमाणे नंबर घ्यावा. बुटात उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे एक-सव्वा सेंटिमीटर जागा हवी. चालताना पाय पुढे सरकतो, त्याला ही जागा लागते. दुकानदाराने अंगठा चाचपला तर त्याचा हात धरून पुढच्या बोटावर न्यावा. यात संकोच कसला?

आकार निवडताना एक गोष्ट मला आश्चर्याची वाटली. लांब दुसरे बोट असणाऱ्यांना मध्यभागी गोलसर टोक असलेला बूट बरा बसतो, कारण त्यांच्या पायाचे टोकही मध्याकडे असते. अंगठ्याच्या बाजूला टोक असलेला बूट, जो पायाच्या आकाराचा म्हणून वाखाणला जातो, तो लांब अंगठा असणाऱ्यांना सुखावतो आणि आमच्यासारख्यांचे बोट दाबतो. चौकोनी पायांना रुंद टोकाशिवाय गत्यंतर नाही. मोठा नंबर घेतल्यावर टाच सुटत असेल तर नाडीचा बूट घ्यावा आणि नाडी घोट्याजवळ घट्ट, बोटांकडे सैल बांधावी. नाडी नसलेल्या बुटाला टाच धरायला काहीच नसते, म्हणून तो आखूड घ्यावा लागतो आणि भरपाई बोटे करतात.

चौथे बोट आखूड असणाऱ्यांची अडचण उलटी. त्या बोटामागच्या हाडाची वाढ लवकर थांबते. हे मुलींत अधिक आढळते आणि पुष्कळदा दोन्ही पायांत असते. ते बोट मागे राहून वर उचलले जाते, त्यामुळे लांबीपेक्षा बुटाच्या टोकाची उंची त्यांनी पाहावी. आत हात घालून शिवण त्या जागी येते का तेही चाचपावे.

कोल्हापुरी चपलेला या सर्व भानगडी फारशा ठाऊक नाहीत. पुढून उघडी असल्याने कोणते बोट किती पुढे गेले याची ती चौकशी करीत नाही. तिची खोड अंगठ्याच्या कडीत आहे. कडी घट्ट असेल तर ती अंगठ्याला सोलते. थोडे तेल लावून घरात आठवडाभर वापरली की चामडे नमते. मात्र तळ पायापेक्षा आखूड घेऊन बोट बाहेर लोंबकळू देऊ नये. पहिली ठेच त्याच बोटाला लागते.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकन पायांपेक्षा रुंद आहेत, असे त्यातून दिसले, आणि त्यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. रुंद पायाचे लोक इतकी वर्षे रुंदीसाठी एक नंबर मोठा घेत आले आणि टोकाशी रिकामी जागा घेऊन फटफट चालत आले. अशा मोठ्या नंबरात लांब बोटवाल्यांची तेवढ्यापुरती सोय होत असे. फर्मे रुंद झाले आणि नंबर उतरले, तर आम्हांला दुकानात पुन्हा बोटावर बोट ठेवून दाखवावे लागेल.