संगणकाचा वेग वाढवावा काय ?

‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यांतील लहानथोरांच्या तोंडीं आहे. तिच्यांतील विनोद बाजूस ठेविला तरी, हातीं आलेल्या साधनाचें चीज करून दाखविण्याची हौस इकडील मंडळींस आहे, हें कोणीहि कबूल करील. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत आज टेबलावरचा एक तरी संगणक असतो. आणि त्याची गति कारखान्यानें ठरवून दिली आहे तिच्याहून वाढवितां येते, असें घरांतील एखाद्या तरुणाच्या कानीं केव्हां तरी येतेंच. ह्या क्रियेस ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. वडील मंडळींस वाटतें कीं आतां यंत्राचा स्फोट होणार. मुलांस वाटतें कीं फुकटचा लाभ पदरांत पडणार. दोन्ही समजुती सारख्याच भ्रामक आहेत. स्फोट होत नाहीं, आणि फुकट तर कांहींच मिळत नाहीं. खरी गोष्ट काय आहे, हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हा वेग म्हणजे काय तें पाहूं. येलदरीच्या जलविद्युत्केंद्रांतून निघणारा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, त्याचीं आवर्तनें ह्याहून कितीतरी पटींनीं अधिक असतात. मदरबोर्डवर सेकंदास १० कोटी ठोके देणारें एक मूळ घड्याळ असतें, आणि प्रोसेसर त्या ठोक्यांस एका गुणकानें गुणून घेतो. गुणक ३६ असला तर सेकंदास ३६० कोटी ठोके होतात. ह्यालाच बाजारांत ‘३.६ गिगाहर्ट्झ’ म्हणतात. गुणक ३८ केला कीं ३८० कोटी झाले. क्रिया इतकी सोपी दिसते, व म्हणूनच ती मोहांत पाडते.

भजनांतील टाळाचें उदाहरण घ्यावें. टाळकऱ्यानें लय वाढविली तर पखवाजी कांहीं वेळ तिला धरून राहतो. पण हाताच्या शक्तीला मर्यादा आहे, आणि ती ओलांडली कीं एखादी मात्रा हुकते. प्रोसेसरांतील कोट्यवधि सूक्ष्म विद्युत्-द्वारांचें असेंच आहे. पुढचा ठोका पडण्यापूर्वीं प्रत्येक द्वारानें आपलें काम पुरें केलें पाहिजे. तें न झालें तर उत्तर चुकतें, आणि संगणक बंद पडतो. किंवा त्याहूनहि वाईट म्हणजे, बंद न पडतां चुकीचें उत्तर बरोबर म्हणून लिहून ठेवतो.

मग कारखानदार मुळांतच अधिक वेग कां देत नाहींत ? कारण एकाच घाण्यांतून निघालेले सर्व प्रोसेसर सारखे नसतात. त्यांची परीक्षा करून प्रतवारी लावतात, आणि दुबळ्यांतल्या दुबळ्यालाहि झेपेल असा वेग त्या प्रतीवर छापतात. ही मधली सवलत चतुर लोकांनीं फार पूर्वींच हेरली. १९८४ सालीं आय. बी. एम. कंपनीचा ‘ए. टी.’ संगणक ६ मेगाहर्ट्झ वेगाचा निघाला. त्यांतील स्फटिक बदलून लोकांनीं तो ८ वर नेला. १९९८ सालीं इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचार व मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ. तो ठोका १०० करतांच ३०० चे ४५० झाले. दीडपट वेग ! अशा कथा ऐकून आजच्या तरुणांस स्फुरण चढल्यास नवल नाहीं. परंतु ते दिवस गेले. आजचा प्रोसेसर थंड असतां आपणच वेग वाढवितो व तापतांच उतरवितो. म्हणजे पूर्वींची बहुतेक सवलत कारखान्यानें स्वतःच वापरली आहे. उरला लाभ बहुधा शेंकडा ५ ते १० इतकाच. ६० मिनिटांचें गणित शेंकडा ८ वेग वाढवून केलें तर तें सुमारें साडेपंचावन्न मिनिटांत होईल, हें ध्यानांत ठेवून पुढील विचार करावा.

आतां किंमत पाहूं. प्रोसेसरांत खर्च होणारी बहुतेक शक्ति वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग शेंकडा १० वाढविला, व तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० चें १.३० केलें, तर खर्च शेंकडा २९ नीं वाढतो. १०० वॅटच्या जागीं १२९ वॅट. आणि ही सर्व शक्ति अखेर उष्णता होऊन बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची असते.

येथेंच परभणीचा प्रश्न उभा राहतो. पंखा व धातूच्या पाकळ्या प्रोसेसरास खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहींत. ते फक्त खोलीच्या वर किती अंश चढावयाचें तें ठरवितात. पौषांतल्या सकाळीं खोली २० अंशांवर असतां प्रोसेसर भरकामांत ७० वर गेला, तर चढ ५० अंशांचा झाला. तोच चढ वैशाखांत, ३८ अंशांच्या खोलींत, ८८ वर नेऊन ठेवील. बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान आहे. म्हणून थंड देशांतील लोकांनीं लिहिलेले आंकडे आमच्या जिल्ह्यांत जसेच्या तसे उचलणें म्हणजे काश्मीरची शाल मे महिन्यांत पांघरण्यासारखें आहे. येथील मराठवाडा कृषि विद्यापीठ १९७२ पासून आहे व तेथें रोजच्या तपमानाची नोंद होते. त्या नोंदींतील उन्हाळ्याचे आंकडे पाहून आपली मर्यादा ठरवावी, दिवाळीनंतरच्या सुखद हवेवरून ठरवूं नये.

ह्या प्रयोगास कोणतें यंत्र पात्र आहे ? मांडीवरचा संगणक मुळींच नाहीं. त्यांत वारा खेळण्यास जागा नसते. इंटेलच्या प्रोसेसरांत ज्याच्या नांवाशेवटीं ‘के’ हें अक्षर आहे तो, व त्याबरोबर ‘झेड’ जातीचा मदरबोर्ड लागतो. ए. एम. डी.च्या रायझेन प्रोसेसरांत थोडे अपवाद सोडून सर्व चालतात, पण मदरबोर्ड ‘बी’ किंवा ‘एक्स’ जातीचा हवा. ‘ए’ जातीचा चालत नाहीं. हमीचा कागदहि वाचून ठेवावा, कारण ह्या प्रयोगानें ती हमी रद्द होऊं शकते.

त्यानंतर पूर्वतयारी. काळ्या मातीची बारीक धूळ आमच्याकडे प्रत्येक फटींत शिरते; पाकळ्यांत ती बसली असेल तर ती काढणें हीच पहिली सुधारणा होय. प्रोसेसर व पाकळ्या यांमधील उष्णतावाहक लेप वाळला असल्यास नवा लावावा. वाळ्याच्या कूलरपुढें यंत्र ठेवूं नये. त्या हवेंत ओल असते, व कधीं तुषारहि येतात. वीज वरखालीं होत असेल तर यू. पी. एस. असावा, आणि भिंतींतील अर्थिंग जाणत्याकडून तपासून घ्यावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून अलग ठेवावी.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम कांहींहि न बदलतां यंत्राची परीक्षा घ्यावी. ‘सिनेबेंच’नें वेगाचा आंकडा मिळतो, ‘एचडब्ल्यूइन्फो’नें तपमान कळतें. दोन्ही आंकडे वहींत तारखेसह लिहावे. खोलीचें तपमानहि लिहावें. मग संगणक सुरू होतांच बायॉसमध्यें जाऊन गुणक फक्त एकानें वाढवावा. मूळ ठोक्यास हात लावूं नये, कारण त्याच्यावर इतर भागांचीहि लय अवलंबून असते. व्होल्टेजहि वाढवूं नये. नंतर ‘प्राइम ९५’ हा कार्यक्रम एक तास चालवावा. मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठीं निघालेल्या ह्या कार्यक्रमांत उत्तरें आधींच ठाऊक असलेलीं गणितें आहेत. यंत्राचें उत्तर जुळलें नाहीं तर तो तात्काळ सांगतो. परीक्षेंत तपमान ८५ अंशांच्या वर जाऊं लागलें, किंवा एक जरी चूक निघाली, तर एक पायरी खालीं यावें. सर्व ठीक असल्यास पुढचा आंकडा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या कीं दोष कोणाचा तें कळत नाहीं. शेवटीं जो आंकडा टिकेल त्याच्याहि एक पायरी खालीं कायमचा मुक्काम करावा, व तेथें एक पूर्ण रात्र परीक्षा घ्यावी. यंत्र सुरूच झालें नाहीं तरी घाबरूं नये. मदरबोर्डवरील लहानशी बॅटरी वीज बंद करून कांहीं मिनिटें काढली, किंवा त्यासाठीं दिलेली कळ दाबली, म्हणजे सर्व मांडणी मूळपदावर येते.

व्होल्टेजविषयीं आम्ही इतका आग्रह कां धरतों ? अधिक वेगाची चूक गुणक उतरवितांच नाहींशी होते. अधिक व्होल्टेजची झीज परत भरून येत नाहीं. २०२४ सालीं इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांत अस्थिरता आढळली. जरूरीपेक्षां अधिक व्होल्टेज मागितलें गेल्यानें ती उद्भवली, असें कंपनीनेंच जाहीर केलें, ऑगस्टमध्यें सुधारणा दिली, व हमीची मुदत २ वर्षांनीं वाढविली; पण आधींच झिजलेला प्रोसेसर त्या सुधारणेनें बरा होत नव्हता. तज्ज्ञांच्या हातून जें घडूं शकतें तें नवशिक्याच्या हातून घडण्यास किती वेळ लागणार ?

अखेरचा प्रश्न, आमच्या मतें, यंत्राचा नसून घराचा आहे. ज्या घरांत एकाच संगणकावर मुलीचा प्रवेशअर्ज भरला जातो, काकांचा शेतीचा हिशेब राहतो, आणि आजोबांनीं सांगितलेल्या आठवणी सुनेनें टंकित करून ठेवलेल्या असतात, तें यंत्र एकट्याचें नसतें. मूकपणें चुकलेलें एक गणित ह्यांतील कोणाच्याहि श्रमांवर पाणी फिरवूं शकेल. तेव्हां प्रयोग करणाऱ्यानें तो चोरून करूं नये. घरच्यांस विचारावें, वही दाखवावी, आणि परीक्षांच्या दिवसांत हात आवरावा. वडिलांनींहि सरसकट ‘नको’ म्हणूं नये. तपमान मोजणें, नोंद ठेवणें, एक पायरी चढून दुसरीपूर्वीं थांबणें, ह्या शिस्तीचें शिक्षण विकत मिळत नाहीं.

पुष्कळदां संगणक मंद वाटतो त्याचें कारण प्रोसेसर नसतोच. जुनी फिरती डिस्क काढून एस. एस. डी. बसविली, किंवा रॅम वाढविली, तर जो फरक पडतो तो शेंकडा ८ नें कधींच पडणार नाहीं. आधीं तें करून पाहावें. आणि ज्यास प्रयोगाची हौसच आहे त्यानें बायॉसमध्यें दोन मांडण्या जपून ठेवाव्या : एक हिवाळ्याची, वाढीव वेगाची, दुसरी उन्हाळ्याची, मूळ वेगाची किंवा त्याहूनहि सौम्य. होळी झाली कीं आपण गरम कपडे पेटींत ठेवतों. त्याच दिवशीं हा बदलहि करावा, म्हणजे तो विसरला जाणार नाहीं.