उभ्या पायांचं दुखणं

आपल्याकडे पायाच्या दुखण्याला सहसा दुखणं मानत नाहीत. दिवसभर उभं राहिलं की पाय दुखणारच, असं म्हणायचं आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचं. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग कामगार, चौकातले वाहतूक पोलीस, फळ्यापुढचे गुरुजी, साड्यांच्या दुकानातल्या मुली, ओट्यापाशी उभी असलेली घरची बाई. यांच्यापैकी कित्येकांच्या पोटरीवर निळसर, नागमोडी, गाठी मारलेल्या दोरीसारख्या शिरा दिसतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

हृदयाकडून पायाकडे रक्त येतं ते धमन्यांतून, हृदयाच्या जोरावर. परत जायचं ते शिरांतून, आणि माणूस उभा असला की हा सगळा चढ असतो. त्यासाठी दोन सोयी आहेत. एक, शिरांमध्ये जागोजागी असलेल्या झडपा. त्या फक्त वरच्या दिशेनं उघडतात. दुसरी, पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळतात आणि रक्त वर ढकललं जातं. सैल पडतात तेव्हा झडप मिटते आणि रक्त मागे फिरत नाही. खोल विहिरीच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहून घागर हातोहात वर देतात, तसंच हे. मधल्या एकाचा हात ढिला पडला, की सगळा भार खालच्यावर येतो. झडप निकामी झाली, की रक्त खाली साचतं, शीर फुगते आणि तिच्या खालच्या झडपेलाही मिटता येत नाही.

या झडपांचं सचित्र वर्णन इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या फाब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केलं. पण त्यांचा समज असा, की रक्त खाली फार वेगानं उतरू नये म्हणून त्या असतात. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे यानं १६२८ साली दाखवून दिलं, की शिरांतलं रक्त हृदयाच्याच दिशेनं जातं. त्यासाठी त्यानं दंडाला पट्टी बांधली आणि फुगलेल्या शिरेवरून बोट फिरवलं, एवढंच.

झडपा बिघडतात कशानं? आईवडिलांना हा त्रास असेल, तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. वाढतं वय, स्थूलपणा, बाळंतपणं ही आणखी कारणं. तासन् तास एका जागी उभं राहण्यानं त्यात भर पडते, कारण पोटरीचा पंप तेव्हा जवळजवळ बंदच असतो.

सुरुवातीला संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाजते आणि एक दिवस तिथं जखम होते. ती वर्षानुवर्षं भरत नाही. माणूस मलमं बदलत राहतो. पण मलम लागतं जखमेला आणि दोष असतो वरच्या शिरेत. २०१८ साली ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात, शिरेवर लवकर उपचार केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली. उपचार लांबवलेल्यांना ८२ दिवस लागले.

निदानासाठी डॉपलर सोनोग्राफी करतात. पूर्वी खराब शीर ओढून काढत. आता बहुधा जागा बधिर करून लेझरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं ती आतून बंद करतात. काही शिरांत औषधाचा फेस सोडतात. रुग्ण बहुतेकदा त्याच दिवशी चालत घरी जातो. शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, अशी भीती नको. पायातलं बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं आणि त्या ठीक आहेत ना, हे आधी पाहिलेलं असतं.

सगळ्यांनाच याची गरज पडत नाही. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, दिवसातून थोडा वेळ पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडणं आणि डॉक्टरांनी मापानं दिलेले घट्ट मोजे यांनी त्रास कमी होतो. मधुमेह असेल किंवा तंबाखू-विडीची सवय असेल, तर मोजे घालण्यापूर्वी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलं, तर आडवं व्हावं, पाय उंच करावा, त्या जागी घट्ट दाबून धरावं आणि दवाखाना गाठावा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं; खोल शिरेत गुठळी असू शकते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या हातात नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, दुकानात काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करणं मालकांवर बंधनकारक केलं. त्यामागे दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांची मागणी होती. गिऱ्हाईक नसताना बसायला एक स्टूल आणि तासाभरानं चार पावलं चालायची मोकळीक, याला फारसा खर्च येत नाही. आपल्या दुकानात, कारखान्यात, स्वयंपाकघरात ते स्टूल आहे का, एवढं आज पाहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)