थंडीतला पाणकाठचा फेरफटका

ठाणे जिल्हा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर खाडी आणि समुद्र उभा राहतो. शहापूर-मुरबाडकरांच्या वाट्याला मात्र समुद्र आलेला नाही. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि केळवे, बोर्डी, डहाणूचे किनारेही त्या जिल्ह्यात गेले. तरीही पाण्याच्या काठाने फिरण्याचे सुख आपल्याला पारखे नाही. भातसा, तानसा आणि बारवीचे जलाशय, काळू नदीचा काठ आणि पाठीशी सह्याद्रीची रांग एवढे वैभव घराजवळ आहे.

अडचण येते ती थंडीत. दिवाळी सरली की कित्येक घरांत ज्येष्ठांचे फिरणे काळजीपोटी बंद केले जाते. होळीपर्यंत त्याचा परिणाम दिसू लागतो. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, पायरी चढताना तोल जातो. उतारवयात न वापरलेल्या स्नायूंची झीज लवकर होते आणि ती भरून यायला बराच काळ लागतो. म्हणून थंडीत फिरणे सोडू नये. त्याची वेळ आणि रीत तेवढी बदलावी.

गारठा आणि हृदय

थंडीमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाचे श्रमही वाढतात. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्यामुळे भल्या पहाटे बाहेर पडण्याचा आग्रह धरू नये. ऊन अंगावर येऊ लागले की निघावे. आधी घरातच पाच-दहा मिनिटे हातपाय हलवावेत. जाड अशा एकाच कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण ऊब आली की एखादा उतरवता येतो. कानटोपी घालावी, दमेकऱ्यांनी नाकातोंडावरून मफलर घ्यावा. थंडीत तहान कमी जाणवते, तरी पाणी पीत राहावे.

किती चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती पुरेशी. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे फेरे घालावेत.

काठावरची जमीन

पावसाळ्यानंतर जलाशयाचे पाणी हळूहळू मागे सरते. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो आणि पाय रुततो. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नये. काठापासून थोडे दूर, मळलेल्या वाटेनेच चालावे. धरणाच्या प्रतिबंधित भागात जाऊ नये. कोवळ्या उन्हात साप शेकत पडतात, म्हणून गवतातून जाणे टाळावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, परतल्यावर पावले तपासावीत आणि खिशात साखर ठेवावी. एका गुडघ्याचे दुखणे असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी.

मुलांबरोबर समुद्रकिनारी गेलात तरी पथ्य तेच. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्च होऊ शकते. ओलसर, घट्ट आणि कमी उताराच्या वाळूवरून चालावे.

घरच्यांसाठी

छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, अचानक धाप किंवा चक्कर यांपैकी काही जाणवल्यास तेथेच बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधांच्या वेळा फिरण्यासाठी परस्पर बदलू नयेत.

आजी-आजोबांना एकटे पाठवण्याची भीती वाटत असेल, तर आठवड्यातून दोन दिवस तरी कुणीतरी सोबत जावे आणि आपली पावले त्यांच्या पावलांशी जुळवावीत. आपल्या पायांनी पाण्यापर्यंत जाऊन परत येता येते, हा विश्वास वृद्धापकाळात फार मोलाचा असतो.