काम संपल्यावर लिहावयाचे काम

डिचोली तालुक्यातील शिरगावची श्रीलईराई देवीची जत्रा गोव्यात कोणास नव्याने सांगावयास नको. वैशाख शुद्ध पंचमीस धोंड व्रतस्थ होऊन येतात, तळीत स्नान करतात, आणि उत्तररात्री पेटलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत उतारावरच्या वाटेवर गर्दी कोसळली आणि सहा माणसे प्राणास मुकली. अनेक जखमी झाली. सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने अहवाल दिला, वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. जे रीतीप्रमाणे व्हावयाचे ते सर्व झाले.

आजच्या भाषणाचा विषय आहे प्रकल्प-व्यवस्थापनाच्या नियतकालिकात निबंध कसा लिहावा आणि कसा प्रसिद्ध करावा. श्रोते म्हणतील, जत्रेचा आणि या विषयाचा काय संबंध? प्रकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धरण, पूल, बोगदा उभा राहतो. तथापि या शास्त्रातील जाणते लोक प्रकल्पाची ओळख सिमेंटवरून करीत नाहीत. ज्या कामास निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट आहे, ज्यासाठी निरनिराळ्या ठिकाणची माणसे तात्पुरती एकत्र येतात आणि काम संपताच पांगतात, तो प्रकल्प. रॉल्फ लुंडिन आणि अँडर्स सोडरहोल्म या दोन स्वीडिश अभ्यासकांनी १९९५ साली एका निबंधात या ‘तात्पुरत्या संघटने’ची कल्पना मांडली. जत्रा हे तिचे चांगले उदाहरण होईल. देवस्थान, पोलीस, वीजखाते, आरोग्यखाते, पंचायत, दुकानदार हे सारे काही दिवस एकाच कामास जुंपलेले असतात, आणि त्यांच्यात कायमचा असा वरिष्ठ कोणीच नसतो. शिवाय धरणाचे उद्घाटन पुढे ढकलता येते, पंचमी ढकलता येत नाही.

अशा संघटनेचे एक मोठे दुखणे आहे. तिला स्मरणशक्ती नसते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांतून एकदा होते. मागील दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे चालले, त्याच्या आधीचे २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते. दहा वर्षांत अधिकारी बदलतात, निवृत्त होतात; रांग कोठे तुंबली आणि ती कशी सोडविली हे ज्याच्या डोक्यात होते तो माणूस आपल्या घरी असतो. कागद असतात, नाही असे नाही. परंतु ते कागद बहुधा खर्चाचे असतात. किती मंडप घातले ते सापडेल, मंडप तेथेच का घातला ते सापडणार नाही.

चौकशीचा अहवाल आणि अभ्यासाचा निबंध यांत येथेच भेद पडतो. अहवाल विचारतो, कोण चुकले? तो प्रश्न योग्यच आहे. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना त्याचे उत्तर मिळालेच पाहिजे. परंतु ‘कोण’ या प्रश्नापुढे प्रत्येक साक्षीदार स्वतःस राखूनच बोलतो. निबंध विचारतो, हे घडले कसे, आणि दुसरीकडे कोठे असेच घडण्याजोगे आहे? १२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळच्या मीना येथे हजयात्रेत साडेतीनशेच्या आसपास माणसे चेंगरून मेली. त्या ठिकाणी छायाचित्रण चालू होते. डर्क हेलबिंग, अँडर्स योहान्सन आणि सौदी सरकारच्या सेवेतील हबीब अल्-आबिदीन या तिघांनी ते चित्रण बारकाईने अभ्यासून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. गर्दी प्रथम संथपणे सरकते, मग थांबत-थांबत पुढे जाते, आणि मग एकाएकी चहूदिशांना हेलकावे खाऊ लागते. त्या वेळी एकट्या माणसाच्या हाती काही उरत नाही. मधली ती थांबत-थांबत चालण्याची अवस्था हीच धोक्याची पूर्वसूचना होय, असे त्यांनी दाखविले. हा अभ्यास चालू असताना लगेचच्या यात्रेत एकेरी वाटा आणि वेळापत्रक यांची नवी व्यवस्था झाली, आणि त्या पुलावरील जुने अरिष्ट टळले. २०१५ च्या सप्टेंबरात मीनाच्याच दुसऱ्या एका रस्त्यावर पुन्हा भयंकर अपघात झाला, हेही सांगितले पाहिजे. एका वाटेवर शिकलेली गोष्ट दुसऱ्या वाटेस आपोआप कळत नाही.

आता हे लिहावयाचे कसे? प्रथम प्रश्न एकच असावा आणि तो लहान असावा. ‘शिरगावच्या जत्रेचे व्यवस्थापन’ हा निबंधाचा विषय नव्हे, तो ग्रंथाचा विषय झाला. ‘होमकुंडाकडून तळीकडे जाणाऱ्या वाटेवर मध्यरात्रीनंतर दर तासास किती माणसे जातात, आणि ती वाट किती पेलू शकते?’ हा विषय होय. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात सपाट वाटेस दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे ही कमाल धरली आहे. वाट चार मीटरांची असेल तर मिनिटास ३२८, म्हणजे तासाला वीस हजारांच्या थोडी आत. पण वाटेच्या दोन्ही अंगांस फुग्यांची आणि खाज्यांची दुकाने थाटून ती अडीच मीटर उरली, तर तोच आकडा सव्वाबारा हजारांवर येतो. उतार आणि समोरून येणारी माणसे अजून जमेस धरलेलीच नाहीत. इतके गणित सातवीचा मुलगा करील. परंतु वाटेची रुंदी फितीने मोजून कोणी तरी लिहून ठेविली असेल तरच.

प्रश्न ठरला की आधीच्यांनी काय म्हटले आहे ते वाचावे. या कामाचा आपल्याकडे कंटाळा फार. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने १९९३ साली लिहून ठेविले आहे की चौरस मीटरात सुमारे सात माणसे झाली म्हणजे गर्दी द्रवासारखी वागू लागते, आणि अशा गर्दीत मरणारी माणसे बहुधा तुडवली जाऊन नव्हे तर उभ्याउभ्या श्वास कोंडून मरतात. हे ठाऊक असलेला लेखक ‘लोक घाबरून सैरावैरा पळाले’ या ठराविक वाक्यावर थांबणार नाही. पुढे, माहिती कशी गोळा केली, किती माणसांशी बोललो, काय मोजता आले नाही, हे सांगावे. शेवटची बाब लपविण्याकडे ओढ असते. जाणता परीक्षक ती हुडकतोच; ती आधीच सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो.

प्रकल्प-व्यवस्थापनाची नियतकालिके फार जुनी नाहीत. अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ साली निघाली. तिचे त्रैमासिक १९७० पासून निघू लागले, आणि १९८४ साली त्याचे नाव ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट जर्नल’ असे झाले. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ हे दुसरे मान्यवर नियतकालिक १९८३ चे. निबंध पाठविला म्हणजे संपादक तो प्रथम स्वतः चाळतो. आपल्या वाचकांचा नसेल तर तेथूनच परत करतो. पुढे गेलाच तर लेखकाचे नाव काढून तो दोन-तीन जाणकारांकडे जातो, आणि त्यांचीही नावे लेखकास कळत नाहीत. महिने जातात. मग एके दिवशी चार पानांचे पत्र येते: ही तुलना अपुरी, हा आकडा कोठून आणला, मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. पुष्कळ जण येथे हिरमुसले होऊन निबंध कपाटात टाकतात. आम्ही शिक्षक मंडळी लाल शाईचा इतका वापर करतो, परंतु स्वतःच्या कागदावर ती सोसत नाही. वस्तुतः ‘दुरुस्त करून पाठवा’ याचा अर्थ दार उघडे आहे असाच असतो. प्रत्येक आक्षेपास क्रमवार उत्तर लिहावे; पटला तर दुरुस्ती करावी, न पटला तर का पटला नाही ते सभ्यपणे सांगावे.

छापून आले म्हणजे ते वेदवाक्य झाले असेही नव्हे. डेन्मार्कचे बेंट फ्लूबयर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००२ साली २५८ वाहतूक-प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहांपैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजाबाहेर गेला, रेल्वेच्या कामांत सरासरीने सुमारे ४५ टक्के, आणि याचे कारण केवळ चूक नसून अंदाज मुद्दाम कमी दाखविणे हे आहे, असा त्यांचा आरोप. २०१८ साली पीटर लव्ह आणि डॉमिनिक अहियागा-डागबुई यांनी त्यावर कडक टीका केली: तुलना कोणत्या टप्प्यावरच्या अंदाजाशी केली, हा त्यांचा मुख्य सवाल. वाद मिटलेला नाही. परंतु आकडे उघड्यावर होते म्हणून तो होऊ शकला. आपल्या पेडण्याचा बोगदा घ्या. कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग वाहतुकीस खुला झाला, आणि शेवटपर्यंत अडून बसलेल्या कामांत हा बोगदा होता. भिजली की ढासळणारी मऊ माती हे त्याचे कारण. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैमध्ये पाणी शिरून गाड्या बंद पडल्या. कातळ फोडणे अवघड की चिखल आवरणे अवघड, याचे उत्तर त्या बोगद्यात राबलेल्या माणसांस पाठ आहे.

लेखकाच्या वाटेत दोन अडथळे आणखी येतात. पहिला परवानगीचा. शिरगावच्या परिसरात खाणी आहेत. त्यांचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेल्याने विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती. खाणीतील नोकरदारास पाणी उपसण्याच्या कामावर लिहावयाचे असेल तर आकडे मालकाचे असतात, आणि लेखी अनुमतीवाचून ते छापता येत नाहीत. अनुमती काम सुरू करण्यापूर्वी मागावी. दुसरा अडथळा भामट्यांचा. पैसे भरा, तीन दिवसांत छापतो, असे सांगणारी बनावट नियतकालिके आपल्या देशात उदंड आहेत. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घालून रचलेला निबंध ३०४ नियतकालिकांस पाठविला. १५७ जणांनी तो स्वीकारला, असे त्याने २०१३ साली जाहीर केले. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ४,३०५ नियतकालिके आपल्या यादीतून काढून टाकली, पुढे नवी यादी केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. आता पारख ज्याची त्याने करावयाची. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते. परंतु एकही आक्षेप न काढता जे निबंध स्वीकारते, ते खोटे समजावे.

लेखकांच्या यादीत कोणाची नावे घालावीत यावरून कचेऱ्यांत फार रुसवे होतात. साहेबांचे नाव घालण्याची चाल आहे. ती मला अप्रामाणिक वाटते. ज्याने विचार केला, मोजले, लिहिले, आणि जो उत्तरदायी राहील, त्याचेच नाव असावे. मात्र जो स्वयंसेवक रात्रभर दोर धरून उभा होता आणि ज्याने गर्दी केव्हा तुंबली ते सांगितले, त्याचे आभार शेवटी छापावेत. त्याची संमती असेल तर नावानिशी. भाषेची भीतीही नको. पहिला मसुदा मराठीत किंवा कोंकणीत लिहावा, इंग्रजी मागाहून करता येते.

आणि टिपणे काम चालू असतानाच करावीत. जत्रेच्या आधीच्या आठवड्यात, दुकाने लागण्यापूर्वी एकदा आणि लागल्यानंतर एकदा, वाटेची रुंदी दहा ठिकाणी मोजावी. रात्री दर पंधरा मिनिटांनी एका ठराविक जागेवरून एक मिनिटभर माणसे मोजून वहीत वेळेसह लिहावीत. त्यासाठी दोन मुले, एक विजेरी आणि शंभर पानी वही पुरते.