चौल बंदरातील विसरलेली आफ्रिका

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौल आणि रेवदंडा ही जोडगावे लागतात. रेवदंड्यातील शाळेच्या आवारात एका रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी इ. स. १४६९च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला, दोन-तीन वर्षे बहामनी मुलखात हिंडला आणि परतीच्या वाटेवर मरण पावला. त्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली होती. पुढे १९५७ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याने ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला आणि २००२मध्ये रेवदंड्यात हा स्तंभ उभा राहिला. एकट्या माणसाच्या फेरीची आठवण साडेपाचशे वर्षे टिकली, ती दोन गोष्टींमुळे. त्याने स्वतः लिहिले आणि पुढे दोन देशांच्या सरकारांनी त्या लिखाणामागे पैसा उभा केला.

याच बंदराचा आफ्रिकेशी असलेला संबंध निकितिनच्या कितीतरी आधीपासूनचा आणि कितीतरी मोठा. त्याचा मात्र येथे एकही स्तंभ नाही.

दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल्-मसूदी याने ‘सैमूर’ म्हणजेच चौल पाहिले होते आणि आफ्रिकेचा पूर्व किनाराही. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या मुसलमानांची येथे मोठी वस्ती असल्याचे तो सांगतो. एकाच माणसाच्या प्रवासात हे दोन्ही किनारे यावेत इतके ते जवळचे होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चौल येथे सापडलेले काचेचे मणी आणि केनियातील प्राचीन वसाहतींत मिळालेले मणी यांच्या काचेची रासायनिक तुलना करण्यात आली. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि मूळचे केनियाचे पुरातत्त्वज्ञ चापुरुखा कुसिंबा हे दोघेही त्या अभ्यासात सहभागी होते. काही मण्यांच्या काचेचे घटक जुळले. केनियातील कुणा स्त्रीच्या गळ्यातील माळ चौलच्या काचेची असू शकते, हे त्यातून पुढे आले.

माणसेही आली, पण मण्यांसारखी सहज नव्हे. इथिओपियाच्या राज्याला हिंदुस्थानी सुती कापड हवे होते आणि त्याच्या मोबदल्यात तेथून गुलाम बाहेर पाठवले जात. दख्खनच्या सुलतानांना निष्ठावान सैनिक हवे होते. अरबी भाषेत इथिओपियाला ‘हबश’ म्हणत, म्हणून ही माणसे ‘हबशी’ झाली. दख्खनमधील गुलामगिरीचे एक वैशिष्ट्य असे, की ती बहुधा एका पिढीपुरती असे. धन्याच्या मृत्यूनंतर हबशी मोकळा होई, घोडदळात चाकरी धरी, सरदार होई. चौल ज्या निजामशाहीचे बंदर होते, तिचा पेशवा चंगीझखान हाही पूर्वीचा हबशी गुलामच, आणि त्याने विकत घेतलेला एक तरुण म्हणजे मलिक अंबर. १६००पासून १६२६मध्ये मृत्यू येईपर्यंत याच अंबरने मोगलांविरुद्ध निजामशाही तगवून धरली, खडकी शहर वसवले, तेथे नहर खोदून पाणी आणले आणि जमीनमहसुलाची घडी बसवली. शहाजीराजांच्या पिढीने गनिमी काव्याचे धडे त्याच्याच छावणीत घेतले.

अंबरविषयीचे एक चित्र या सगळ्याहून बोलके आहे. अबुल हसन या चितारीने १६१६च्या सुमारास जहांगीर बादशहासाठी ते रंगवले आणि आज ते डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात हे कधीच घडले नाही. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला आणि नैसर्गिक मरणाने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. रणांगणावर जे साधले नाही, ते बादशहाने कुंचल्याकडून साधून घेतले. चितारी ज्याच्या पदरी, गोष्टही त्याची.

मराठी मनातील सिद्दीही असाच कुणीतरी रंगवलेला आहे. रेवदंड्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या जंजिऱ्यावर १९४८पर्यंत सिद्दी नवाबांची सत्ता होती, पण शालेय इतिहासातून आपल्याला भेटतो तो अजिंक्य किल्ल्यातला शत्रू किंवा पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. त्याच वेढ्याच्या वेळी नेताजी पालकरांबरोबर शिवरायांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल क्वचितच आठवतो. ‘हबशी’ हा शब्द तर हिणवण्यासाठीच उरला. २०१६मध्ये बंगळुरूत टांझानियन विद्यार्थिनीला आणि २०१७मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, तेव्हा या शब्दामागचे मन उघडे पडले.

आफ्रिकेतील आजच्या तरुण लेखक-कलावंतांचे भांडण नेमके याच्याशी आहे. केनियाचा लेखक बिन्यावांगा वैनाइना याने ‘ग्रँटा’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या आफ्रिकाविषयक अंकावर चिडून पत्र लिहिले. त्यातूनच २००५मध्ये त्याचा आफ्रिकेविषयी कसे लिहावे हे सांगणारा उपरोधिक लेख जन्मला. सूर्यास्त, उपाशी मुले आणि हत्ती घाला, सामान्य माणसांचा संसार मात्र दाखवू नका, असा त्याचा रोख. पण वैनाइना टीकेवर थांबला नाही. २००२च्या केन पुरस्कारानंतर त्याने नैरोबीत ‘क्वानी?’ हे नियतकालिक उभे केले आणि अनेक नवे लेखक त्यातून पुढे आले. त्याला अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. आपली गोष्ट आपण सांगायची, पण छपाईचे बिल परदेशातून यायचे, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

नायजेरियाच्या चित्रपटसृष्टीने या पेचातून बाजारी वाट काढली. तिची सुरुवात १९९२च्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’पासून मानतात. केनेथ न्नेबुए या व्यापाऱ्याने कोऱ्या व्हिडिओ कॅसेट खपवण्यासाठी तो इग्बो भाषेतील चित्रपट काढला, असे सांगितले जाते. अनुदान नव्हते, चित्रपटगृहे नव्हती. प्रेक्षक मात्र आपला होता.

आता नवे यजमान आले आहेत. युनेस्को आणि नेटफ्लिक्स यांनी २०२१मध्ये आफ्रिकी लोककथांवरील लघुपटांची स्पर्धा जाहीर केली. दोन हजारांहून अधिक अर्जांतून सहा तरुण निवडले गेले. त्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर, निर्मितीसाठी ७५ हजार डॉलरपर्यंत रक्कम आणि अनुभवी मार्गदर्शक मिळाले. २०२३मध्ये हे लघुपट जगभर दिसले. संवाद स्वाहिली, हौसा अशा भाषांतले आहेत, ही त्यातील सर्वात चांगली अट. तरीही सहा लघुपट म्हणजे काही उद्योग नव्हे. पहिल्या चित्रपटापेक्षा दुसऱ्याला पैसा मिळणे अवघड असते आणि परदेशी व्यासपीठाचे धोरण बदलले की झरा आटतो. म्हणूनच कुगाली या चित्रकथा प्रकाशित करणाऱ्या कंपनीने आधी स्वतःचा वाचक जमवला, हे महत्त्वाचे. डिस्नेबरोबरची त्यांची ‘इवाजू’ मालिका त्यानंतर, २०२४मध्ये आली, आणि ती भविष्यातल्या लागोसची आहे.

आपल्याकडेही हालचाल आहे. २०२४च्या गोव्यातील इफ्फीत ‘रिदम ऑफ दम्माम’ हा उत्तर कन्नडमधील सिद्दी समाजावरचा, त्यांच्याच कोकणी बोलीतील चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शक जयन चेरियन समाजाबाहेरचे, कलाकार बहुतांश समाजातले.

नेटफ्लिक्सच्या त्या सहांपैकी टांझानियाच्या ‘कटोपे’ या लघुपटात मातीतून घडवलेले एक मूल दुष्काळात आपल्या माणसांसाठी पाऊस आणायला निघते. हबशी मलिक अंबराने नहर खोदून ज्या शहराला पाणी दिले, तेथे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.