सिद्धगडाच्या पायथ्याशी मास्तर का घडावेत

सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण याच कोतवालांनी शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठ्यांबरोबर शाळाही काढल्या, ही गोष्ट मागे पडते. आज मुरबाड-शहापूरची बारावीतली मुलं शिक्षकी पेशाचं नाव क्वचितच काढतात. त्यामागे बरेचसे गैरसमज आहेत.

‘डी.एड. संपलं, आता बी.एड.च.’ खरं उलट आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तिथे डी.एल.एड. लागतं, म्हणजेच पूर्वीचं डी.एड. बारावीनंतरची दोन वर्षं, आणि कला शाखेच्या मुलालाही दार तितकंच उघडं.

‘पैसे मोजल्याशिवाय नोकरी नाही.’ जिल्हा परिषद शाळांची निवड आता अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलमार्फत होते, मुलाखतच नसते. मुलाखत खासगी संस्थांकडे असू शकते. मात्र भरती दरवर्षी निघत नाही, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

पगाराचंही स्पष्ट सांगतो. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं. ती वर्षं ओढाताणीचीच. त्यानंतर वेतनश्रेणी लागते, मूळ वेतन २९,२०० पासून, भत्ते वेगळे.

सगळ्यात घातक समज मात्र वेगळाच आहे: ‘आपण आदिवासी वाडीतले, आपली बोली गावंढळ, आपण काय शिकवणार?’ अरे, तीच तर तुमची ताकद आहे! पहिलीत आलेल्या कातकरी किंवा ठाकर मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. ते गप्प बसतं, आणि ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसतो. त्याच्या बोलीत ‘काय झालं रे?’ विचारणारा मास्तर पहिल्याच आठवड्यात त्याला बोलतं करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमातही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं लिहिलेलं आहे.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. त्या दोघी आदिवासी नव्हत्या; वाडीची रीत त्यांना शिकून घ्यावी लागली. तुम्हाला ती जन्मतःच ठाऊक आहे.

आता पुढची वाट. डी.एल.एड.नंतर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर द्यायचा. एकूण १५० गुण. खुल्या गटाला उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पेपरातले ३० गुण परिसर अभ्यासाचे असतात, तेवढेच बालमानसशास्त्राचे. तयारी अकरावीपासून सुरू करा, गणिताला जास्त वेळ द्या.