रोबोटिक्सकडे जायचंय, मग पदवी कोणती घ्यावी?

पीथमपूर, देवास, धार या पट्ट्यातल्या मराठी घरांत बारावीच्या सुमारास हा प्रश्न हल्ली नक्की निघतो. खासगी कॉलेजांच्या माहितीपत्रकांत 'रोबोटिक्स अँड एआय' अशी नवी शाखा दिसते, फी भरपूर असते, आणि मुलाला तीच हवी असते. निर्णय चार वर्षांचा आणि बऱ्याचदा शैक्षणिक कर्जाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी रोबो म्हणजे काय ते पाहू. वाहनांच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या यंत्रहाताला साधारण सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात सर्वो मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स आणि कोन मोजणारा एन्कोडर. हाताचं वजन, कंप, पकड हे मेकॅनिकलचं काम. मोटर आणि तिचं नियंत्रण इलेक्ट्रिकलचं, सेन्सर व सर्किट इलेक्ट्रॉनिक्सचं. कॅमेऱ्यातून सुटा भाग ओळखून हात कुठे न्यायचा, हे कॉम्प्युटरवाल्यांचं. शिवाय कन्व्हेयर, सुरक्षा-कुंपण आणि रोबो यांचा मेळ पीएलसी घालतो, तो प्रोग्रॅम करणारा माणूस वेगळाच! एका पदवीत हे सगळं खोलवर शिकवणं अवघड आहे.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: यांपैकी एक जुनी शाखा पक्की करावी आणि रोबोटिक्स तिच्यावर चढवावं. मुलाला यंत्र उघडून बघायची खोड असेल तर मेकॅनिकल, कोडिंगमध्ये तासन् तास रमत असेल तर कॉम्प्युटर. दोन्हींच्या मधलं हवं असेल तर मेकॅट्रॉनिक्स चांगलं, पण प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहूनच. खरा औद्योगिक रोबो आहे का, विद्यार्थ्यांना तो चालवू देतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावं. ती खरं सांगतात. सरकारी उपक्रमांच्या भरतीत पात्र शाखांची नावं दिलेली असतात, तीही आधीच वाचून ठेवावीत. पुढे एम.टेक.ला रोबोटिक्स घेता येतंच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तसा अभ्यासक्रम आहे.

प्रवेशाबाबत आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो. घरी मराठी बोलतो म्हणून पुण्यात राज्य कोट्याची जागा मिळत नाही. तिथे अधिवास आणि शाळा कुठे झाली ते पाहतात. मध्य प्रदेशच्या अधिवासाचा फायदा मात्र इथेच आहे. इंदूरचं १९५२ सालचं एसजीएसआयटीएस (आपल्याकडे अजून 'जीएसआयटीएस'च म्हणतात) जेईई मेनच्या गुणांवर मिळतं. सिमरोलचं आयआयटी इंदूरही जवळच आहे, पण त्यासाठी जेईई अॅडव्हान्स्ड. दोन्हींसाठी अकरावीत गणित सोडू नका.

दहावीनंतर पॉलिटेक्निक करणाऱ्यांना कमी लेखू नये. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि तोवर हाताला यंत्राची सवय झालेली असते.

पदवी कोणतीही असो, पहिल्या वर्षापासून पायथन आणि आरओएस शिकायला घ्यावं. दोन्ही मोफत आहेत, आणि आरओएसवर खऱ्या रोबोशिवाय संगणकातच सराव करता येतो. आयआयटी मुंबईची 'ई-यंत्र' स्पर्धाही कॉलेजच्या मुलांसाठी असते. सुट्टीत पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात इंटर्नशिप मिळाली तर मेंटेनन्स विभाग मागून घ्यावा. बंद पडलेला रोबो तिथेच उघडलेला बघायला मिळतो.